इंग्लंडमधला एक्स-रे: फिल्म घरी येत नाही

माझा खोकला तीन आठवड्यांच्या वर रेंगाळला, तेव्हा जीपीने, म्हणजे इथल्या आपल्या ठरलेल्या डॉक्टरांनी, छातीचा एक्स-रे सांगितला. ही बातमी ऐकून आईचा फोनवर पहिला प्रश्न होता, ‘फिल्म कधी मिळणार?’ फिल्म मिळतच नाही, हे तिला पटवणं अवघड गेलं. म्हणून इथे काय काय होतं ते नीट लिहिते. मुलांकडे राहायला येणाऱ्या आईवडिलांना त्याचा उपयोग होईल.

एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, हॉस्पिटलात इथल्या रहिवाशांना एक्स-रेचे पैसे पडत नाहीत. पण आपल्या मनाने जाऊन तो काढून घेता येत नाही. किरणांचा वापर असल्यामुळे कायद्यानेच प्रत्येक एक्स-रेमागे वैद्यकीय कारण लागतं. मला ही शिस्त आवडते.

आत बोलावल्यावर रेडिओग्राफर, म्हणजे एक्स-रे काढणारे तंत्रज्ञ, नाव, जन्मतारीख आणि पत्ता तुमच्याच तोंडून वदवून घेतात. कागद समोर असतानाही विचारतात, कारण चुकीच्या माणसाचा एक्स-रे निघू नये. मग गरोदर असण्याची शक्यता आहे का, हा प्रश्न येतो. सासूबाई शेजारी बसल्या असल्या की आपल्या मुली इथे संकोचतात. अशा वेळी एकटीने बोलायचं आहे असं सांगा, ते लगेच मान्य करतात. इंग्रजी जमत नसेल तर दुभाषाही मोफत मिळतो, फक्त अपॉइंटमेंटच्या आधी कळवायला हवं.

छातीचा एक्स-रे असेल तर कमरेच्या वरचे कपडे काढून गाऊन घालायचा. मंगळसूत्र, साखळी, ताईत, सेफ्टी पिना, हुक असलेले आतले कपडे, सगळं उतरवायचं. आपल्या बायकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे लांब वेणी. ती खांद्यावर आली तर फुप्फुसावर सावली पडते आणि नसलेला डाग दिसू शकतो, म्हणून केस वर बांधून जा. तिथे मंगळसूत्र काढून ठेवायचं ज्यांच्या जिवावर येत असेल त्यांनी ते घरीच सुरक्षित ठेवावं, किंवा सोबतच्या माणसाच्या हातात द्यावं.

मग छाती पाटीला टेकवून, पाठ यंत्राकडे करून उभं राहायचं. अशाने हृदय चित्रात उगाच मोठं दिसत नाही. खांदे पुढे ढकलायला सांगतात, म्हणजे खांद्याची हाडं फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. खोल श्वास घेऊन रोखायचा की झालं. दुखत काहीच नाही, फक्त पाटी गार लागते. ज्यांना उभं राहवत नाही त्यांचा बसवून किंवा निजवून काढतात.

वडीलधारी मंडळी किरणांपासून बचावासाठी शिशाचा एप्रन मागतात. ब्रिटनमध्ये 2020 पासून रुग्णाला तो सहसा देऊ नये असंच मार्गदर्शन आहे. किरण शरीराच्या आतल्या आत विखुरतात आणि ते बाहेरून अडवता येत नाहीत. उलट, एप्रन सरकून हवा तो भाग झाकला गेला तर पुन्हा एक्स-रे काढावा लागतो. छातीच्या एका एक्स-रेत साधारण 0.014 मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) किरणं लागतात. माती, हवा, अन्न यांतून इथल्या माणसाला दोन-तीन दिवसांत आपोआप मिळतात तेवढीच ही. कमरेच्या मणक्यांच्या एक्स-रेला याहून बरीच जास्त लागतात, म्हणूनच नुसत्या कंबरदुखीसाठी डॉक्टर तो सहज सांगत नाहीत.

खरी घालमेल यानंतर सुरू होते. रेडिओग्राफर चित्र पाहतात, पण निदान सांगत नाहीत. ‘रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांकडे जाईल’ एवढंच म्हणतात. त्यांच्या चेहऱ्यावरून काही ओळखायचा प्रयत्न करू नका. ते गप्प राहिले म्हणजे काही वाईट दिसलं असं मुळीच नाही, ती त्यांची कामाची पद्धत आहे. चित्र संगणकात जपलं जातं, प्रशिक्षित तज्ज्ञ ते वाचतात आणि रिपोर्ट जीपीकडे पोचतो. त्याला एक-दोन आठवडे लागू शकतात. निघण्यापूर्वी ‘किती दिवसांनी आणि कुणाला विचारू?’ हे जरूर विचारा. त्या मुदतीत काही कळलं नाही, तर सगळं ठीकच असेल असं धरून न चालता दवाखान्याला स्वतः फोन करा. भारतातल्या डॉक्टरांना दाखवायचं असेल तर चित्रांची प्रत हॉस्पिटलकडे अर्ज करून मिळते.

भेटीला आलेले आईबाबा घसरून पडले आणि मनगट सुजलं, तर थेट अपघात विभागात न्या. तिथले उपचार पाहुण्यांनाही मोफत आहेत. मात्र तिथून वॉर्डात दाखल केलं किंवा पुढची अपॉइंटमेंट दिली, तर बिल येतं आणि ते मोठं असतं. तेव्हा विमानाच्या तिकिटाबरोबरच त्यांचा प्रवास विमा काढा, आणि त्यांना रक्तदाब, मधुमेह असेल तर तो अर्जात स्पष्ट लिहा.