उणे 31 मध्ये इंजिनाची निवड

कॅनडातल्या कॅलगरीच्या हिवाळ्यात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आमचं निम्मं काम बसलेल्या बॅटऱ्या आणि गोठलेल्या डिझेलचं. गाड्या विकणं माझ्याकडे नाही. तरी जानेवारीत, बाहेर उणे 31 अंश सेल्सिअस असताना, सेल्समनने मला शोरूममध्ये बोलावलं. समोर पिकअप ट्रक घ्यायला आलेलं एक जोडपं बसलेलं. "ट्रेलर ओढायचा म्हणजे डिझेलच, हे यांना जरा मेकॅनिकच्या तोंडून ऐकव."

मी आधी विचारलं, रोजचं जाणं किती आणि गाडी उभी कुठे असते? ऑफिस सहा किलोमीटरवर, गाडी दिवसभर उघड्यावर, ब्लॉक हीटरला, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन विजेवर गरम ठेवणाऱ्या हीटरला, तिथे प्लग नाही. ट्रेलर भरून 7,000 पौंडांचा, तोही फक्त उन्हाळ्यात, ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत न्यायचा.

एवढ्या थंडीत सहा किलोमीटरमध्ये डिझेल इंजिन धड तापतसुद्धा नाही. काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, पण त्याला हायवेवरची सलग धाव लागते. ती मिळाली नाही की तो तुंबतो, आणि मग बिल बघून गिऱ्हाईक आमच्यावर ओरडतं. हे विकताना कोणी सांगत नाही, याची मला मनापासून चीड आहे.

"मग साधा व्ही8?" नवऱ्याने विचारलं. फोर्डच्या एफ-150 पिकअपचा 5 लिटरचा व्ही8, म्हणजे आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, 410 पाउंड-फूट टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतो, पण 4,250 आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तितके फेरे घेतं तेव्हा. 3.5 लिटरचा सहा सिलिंडरचा ट्विन-टर्बो व्ही6, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारे दोन टर्बो असलेला, 500 देतो, तेही 3,100 लाच. शिवाय ब्रिटिश कोलंबियाच्या वाटेवरचा किकिंग हॉर्स घाट 1,600 मीटरच्या वर. बिनटर्बो इंजिनाची ताकद दर 300 मीटरला साधारण 3 टक्क्यांनी घटते. टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो. तुमच्यासाठी हाच, मी म्हटलं.

यार्डात ट्विन-टर्बो एकच होती, सगळ्यात महागडी, काचेच्या छताची. मी ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचा स्टिकर दाखवला: माणसं, सामान आणि हुकवरचा भार मिळून जास्तीत जास्त 1,450 पौंड. बायकोने तिथेच कुडकुडत फोनवर हिशेब मांडला. ट्रेलरचा हुकवर येणारा भार 900, घरातली पाच माणसं 700. झाले 1,600. "म्हणजे ही ओढेल, पण पेलणार नाही," ती म्हणाली. जाहिरातीतला ओढण्याचा आकडा पाठ असलेल्या किती जणांना हे कळतं?

साध्या मॉडेलमध्ये हेच इंजिन घेतलं असतं तर हिशेब बसत होता. पण ते मागवावं लागणार होतं. आमच्याकडे चकचकीत गाड्याच उभ्या करतात, कारण नफा त्यांत. नवऱ्याला थांबायचं नव्हतं. त्याने जास्त वजन पेलणारी थोराड डिझेल पिकअप घेतली, वजनाच्या दृष्टीने ती चुकीचीही नव्हती.

किल्ली देताना बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, ताई, दर शनिवारी ही रेड डीअर गावाकडे जाणाऱ्या हायवेवर तासभर पळवा आणि रात्री घरी प्लग लावायला विसरू नका. तिने लिहून घेतलं. गाडी मात्र चालवणार तो.