तुम्ही विचारलंत म्हणून: मॅडम, तुमची बिल्डिंग कुठली?

आर्किटेक्ट आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, अय्या हो, मग तुमची बिल्डिंग कुठली? यंदा सोसायटीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या विंगमधल्या काकूंनी विचारलं, त्यांच्या डोळ्यापुढे घोडबंदर रोडचे टॉवर असणार, लॉबीत झुंबर वगैरे. मी म्हटलं काकू, माझ्या म्हणजे शाळा, एक प्रसूतिगृह, भाजी मार्केट, स्मशानातली शेड आणि संडास, पुष्कळ संडास. काकूंनी हातावर तिळगूळ ठेवला आणि विषय बदलला.

तर तेव्हा राहिलेलं उत्तर आता देते.

नौपाड्यात माझं दोन टेबलांचं ऑफिस. तीसेक वर्षं ठाणे, कळवा ते पार बेलापूरपर्यंत हीच कामं केली. सरकारी इमारती सगळ्या सारख्याच का दिसतात हेही लोक विचारतात, तर त्याचं अर्धं उत्तर डीएसआर, म्हणजे सरकारी दरसूची. कोटा फरशी, ग्लेझ टाइल, अमुक जाडीचं प्लास्टर, सगळ्याचे दर त्यात छापलेले. त्यातलं घेतलं तर एस्टिमेट सरळ पुढे सरकतं, त्यात नसलेलं काही घातलं की रेट अ‍ॅनालिसिस करा, म्हणजे दर कसा आला ते मांडून दाखवा, तीन कोटेशनं आणा, मग कोणीतरी शेरा मारतो की नेहमीचं काय वाईट आहे. एकदा मला भिंतीला मातीच्या जाळ्या हव्या होत्या, वारा खेळावा म्हणून. चार महिने फाइल फिरली आणि शेवटी आल्या सिमेंटच्या, त्यासुद्धा उलट्या बसवलेल्या, पाणी आत येईल अशा. वर टेंडर जो सगळ्यात कमी भरेल त्याला, तो ठेकेदार एस्टिमेटच्या वीस टक्के खाली भरतो, आणि ते वीस टक्के कुठून तरी निघायचेच ना. बहुतेक वेळा प्लास्टरमधून निघतात.

पण सगळं खापर दरसूचीवर आणि ठेकेदारांवर फोडणार नाही, कारण माझी पहिली शाळा माझ्याच अकलेने गळली.

तेव्हा मला पत्र्याचा तिटकारा होता. सपाट स्लॅब, स्वच्छ रेषा, हे डोक्यात. ठाण्याला वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो हे कॉलेजात पाठ होतं, पण गच्चीच्या खुऱ्यात, म्हणजे पाणी बाहेर जायच्या कोपऱ्यात, पिंपळ उगवतो आणि तो उपटायला कुणाचीच नेमणूक नसते हे कुणी शिकवलं नव्हतं. नव्या इमारतीला नारळ फुटतो, खुरा साफ करायला फुटत नाही. पाणी तुंबलं, गळू नये म्हणून घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या कोब्याला तडे गेले आणि तिसऱ्या पावसाळ्यात पाचवी ब मध्ये बादल्या ठेवलेल्या. मग यथावकाश वर निळा पत्रा चढला, इथल्या निम्म्या गच्च्यांवर चढतो तसाच. तो पत्रा मी कितीतरी वर्षं अपमान समजत होते, त्या रस्त्याने जायची नाही. आता मी स्वतःच उतरतं छप्पर काढते, भिंतीच्या चांगलं दोन हात बाहेर, खाली रुंद पडवी. आजोळी कोकणात हेच होतं की, पागोळ्या अंगणात पडायच्या आणि भिंत कोरडी राहायची, पण पाच वर्षं जे.जे.ला जाऊन ते विसरायला झालं. पडवीवरून दरवेळी वाद होतो, मॅडम एवढा पॅसेज कशाला, एक वर्ग वाढेल. जुलैत येऊन बघा म्हणते. बाहेर धो धो, आणि दीडशे पोरं तिथे खिचडी खात बसलेली असतात.

संडासांचं शिक्षण एका सफाईवाल्या मावशींकडून झालं. मी टाइलचा रंग बघत उभी होते तर त्या म्हणाल्या, बाई, पाईप लावायला नळच नाही, मी धुऊ कशानं? खरंच नव्हता. संडासाची चाळीस भांडी आणि धुवायला एक नळ नाही! तेव्हापासून ड्रॉइंगमध्ये तो नळ आधी, बाकी नंतर.

आमच्या धंद्यातला इथला मोठा माणूस म्हणजे चार्ल्स कोरिया. 1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको निघाली तेव्हा पहिली चार वर्षं ते मुख्य आर्किटेक्ट होते. पुढे 1983 ते 86 मध्ये बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज केलं, सात घरं आणि मधोमध आठ बाय आठ मीटरचं अंगण, अशी अंगणाला अंगण जोडत वाढवलेली वसाहत. कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, कारण प्रत्येकाला आपापलं घर वाढवता यावं. आणि लोकांनी वाढवलं, उतरती कौलारू घरं पाडून तीन-तीन मजले चढवले, टाइल लावल्या, स्टीलचं रेलिंग केलं. आर्किटेक्ट मंडळी तिथे जाऊन हळहळतात, काय वाट लावली म्हणतात. मला नाही पटत. मी जाते तेव्हा अंगणात सायकली असतात, वाळत घातलेले पापड असतात, गप्पा चाललेल्या असतात. घरं गेली पण मधली मोकळी जागा कुणी खाल्ली नाही, नवी मुंबईत हे काय कमी आहे? माझी एखादी पडवी चाळीस वर्षं अशी राहिली तर मी पेढे वाटीन. (अजून तरी एकीला ग्रिल लागलंय आणि आत मोडकी बाकं भरलीयत.)

नाव म्हणाल तर नाव कुठेच नसतं. कोनशिलेवर उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, एवढ्यातच संगमरवर संपतो. एका ठिकाणी तर फीचा शेवटचा हप्ता अडीच वर्षांनी मिळाला, तोवर त्या इमारतीला एकदा रंग देऊन झाला होता, कसला ते विचारू नका.

हां, काकूंचं राहिलं. गेल्या मतदानाला त्या लिफ्टमध्ये भेटल्या, बोटाला शाई. म्हटलं कुठे होतं तुमचं केंद्र? त्यांनी शाळेचं नाव सांगितलं. माझीच, पत्रावाली. मी म्हटलं काकू, हीच माझी बिल्डिंग. त्यांनी जरा विचार केला. रॅम्प बरा आहे गं, ह्यांची व्हीलचेअर सरळ आत गेली, पण खोलीत काय तो अंधार!

दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन आले. खिडकी चांगली सहा फुटी आहे हो. बाहेरून कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलाय.