रुपयाएवढा डाग, पोळीएवढा झाला

आज बाबांचं लिहायचं टेबल पॉलिशला काढलं. वर चहाच्या कपांची पांढरी वर्तुळं, बाकी सगळं काळपट. म्हटलं सागवान आहे, घासू बिनधास्त. सँडर (घासायचं मशीन) भाड्याने आणला, ८० नंबरचा जाडाभरडा पॉलिश पेपर लावला आणि सुरू.

दहा मिनिटांत कडेला एक फिकट डाग उगवला, त्यात लाकडाच्या रेषा आडव्या. जाईना म्हणून अजून घासला (हो, इतका शहाणा आहे मी). रुपयाएवढा होता, तो पोळीएवढा झाला. मग ट्यूब पेटली. सागवान कसलं, वर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा विनियर, म्हणजे लाकडाचा चिकटवलेला पापुद्रा, खाली प्लाय!

शेजारच्या गल्लीतले सुतारकाका आले. बोट फिरवून म्हणाले, "मशीन कडेवर कललं तुमचं. १८० चा बारीक पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा, रेषेच्या दिशेने हलका हात. विनियरला इतकंच."

गेलेला विनियर काही परत येत नाही. काकांनी स्पिरिटचा बोळा फिरवून दाखवला. ओलं असेपर्यंत पॉलिशनंतरचा रंग दिसतो. उघडा प्लाय रंग जास्त पितो, म्हणून आधी चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) एक पातळ हात. वाळल्यावर चपड्यातच तपकिरी रंग कालवला आणि बारीक ब्रशने एकेक रेष ओढत बसलो. दोन तास. मान गेली.

आता दिव्याखाली तिरकं बघितलं तरच कळतं. आईने आल्या आल्या तिथेच बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे काय झालंय रे?"

शेवटचा हात उद्या.