नक्षत्रांची वही: मृगापासून हस्तापर्यंत

हस्त संपलं, चित्रा लागलं. पोरांच्या वहीतला पावसाळा पुरा झाला, म्हणून इथवर काय जमलं ते लिहून ठेवते. मुलांना घेऊन निसर्गाच्या नोंदी ठेवणाऱ्या इतरांना यातलं काही उचलता येईल.

कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीतल्या चौथी ते आठवीच्या पोरांची एकच सामायिक वही आहे. तिची पानं महिन्यांप्रमाणे पाडलेली नाहीत, पावसाच्या नक्षत्रांप्रमाणे पाडली आहेत. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, पुढं पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि २७ सप्टेंबरच्या सुमाराला हस्त. नोंदींसाठी हे माप अगदी बेताचं आहे. आठवड्यात फारसं काही बदललेलं दिसत नाही आणि महिनाभर थांबलं की बरंच काही निसटून जातं. दुसरा फायदा म्हणजे घरातल्या आज्ज्या आपोआप यात आल्या. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा, हे पोरांना त्यांनीच सांगितलं.

मृगाचं पान मृगाच्या किड्यानं सुरू झालं. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर मखमली लाल जीव फिरायला लागतात, ते सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण पाय मोजायला सांगितल्यावर पोरं जमिनीवर आडवी झाली. आठ पाय! म्हणजे नाव किडा असलं तरी हा सहा पायांच्या कीटकांतला नाही, कोळी-विंचवांच्या कुळातला आहे. त्याच आठवड्यात कळंब्याकडच्या शेतात पिवळेधमक बेडूक दिसले. पावसाच्या सुरुवातीला मादीला बोलावताना नर असे पिवळे होतात आणि हंगाम सरला की परत मातकट हिरवे. आर्द्राच्या पानावर एकीनं त्याच बांधावरचा बेडूक काढलाय, त्यात पिवळा रंग जवळपास नाहीच. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं दिसलं तसं रंगवलं. असं चित्र मला छापील तक्त्यापेक्षा मोलाचं वाटतं.

सगळ्यात जास्त पानं गेली ती पावसाच्या बाटलीवर. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली वरून कापायची आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा. तळ सपाट नसतो म्हणून आत खडे घालून पाणी एका रेषेपर्यंत भरायचं, ती रेष शून्य. त्यावर मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. बाटली गच्चीवर मोकळ्या जागी, भिंतीपासून आणि झाडापासून लांब ठेवायची. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, कारण हवामान खात्याची चोवीस तासांच्या पावसाची नोंदही त्याच वेळेची असते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे समजल्यावर पोरांनी टेप घेऊन गच्ची मोजली आणि गणितं मांडली. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर २५ मिलिमीटर पडला तर अडीच हजार लिटर. मग त्यांनीच विचारलं, "काकू, हे पाणी जातंय कुठं?"

त्या प्रश्नावरून आम्ही नदीकडं वळलो. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटा-इंचात मोजतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. कोल्हापुरातल्या पोरांना हे आकडे शिकवावे लागत नाहीत, घरात पावसाळाभर तेच बोलणं असतं. आम्ही एकाच आलेखकागदावर दोन रेघा ओढल्या. निळी बाटलीची, तांबडी नदीची. पुनर्वसूपर्यंत सगळ्यांचा अंदाज एकच होता, की गच्चीवर पाऊस वाढला की नदी वाढणार. पुष्यात निळी रेघ खाली आली आणि तांबडी चढतच राहिली. शहरात नुसती भुरभुर, कधी चक्क ऊन, आणि तरी नदी फुटाफुटानं वर. पोरं चक्रावली. मी उत्तर दिलं नाही, जिल्ह्याचा नकाशा पसरला. ज्या मिळून पंचगंगा होते त्या भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्या बोटानं उगमाकडं न्यायला सांगितल्या. चारही बोटं पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्याकडं गेली. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळमध्ये पाचशेच्या आसपास. आपण मधे बसलोय. आपल्या गच्चीवर पडतं ते वेगळं आणि आपल्या नदीतून वाहतं ते वेगळं. सहावीतला एक जण नकाशावरून मान वर न करता म्हणाला, "म्हणजे आपल्या नदीचा पाऊस बावड्यात असतोय की!" त्याचं वाक्य त्यानंच वहीत लिहिलंय, तसंच ठेवलंय.

नंतर या नद्यांच्या संगमावर, चिखलीच्या प्रयागला, जाऊन आलो. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांचंही एक पान झालं. धरण भरलं की पाण्याच्याच दाबानं ते उघडतात, त्यामुळं किती दरवाजे उघडले याची बातमी म्हणजे तिथल्या पाण्याचीच खबर. ती तांबड्या रेघेवर बारीक बाणानं दाखवायची असं ठरलं. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूरही पोरांनी नक्षत्रांवर मांडले. तिन्ही पुष्य-आश्लेषात येतात, जुलैअखेर ते ऑगस्टचा पहिला पंधरवडा. २०१९ ला घर सोडावं लागलेल्या घरांतली मुलं या गटात आहेत. त्यांनी ते पान करताना जो गंभीरपणा दाखवला तो पाहून मला वाटलं, पुराची भीती दडपण्यापेक्षा तिचा आलेख काढायला देणं बरं.

पंचांगातल्या वाहनांचाही तक्ता आहे. प्रत्येक नक्षत्राला दर वर्षी एक वाहन असतं: बेडूक, म्हैस, हत्ती आलं तर पाऊस चांगला, असं म्हणतात. पोरांनी एका रकान्यात वाहन आणि शेजारी बाटलीचा आकडा लिहिलाय. निकाल मात्र लावू दिलेला नाही. एका मोसमाच्या नोंदीवरून हो किंवा नाही म्हणता येत नाही, हेच त्या पानावर शिकायचं आहे. तक्ता पुढच्या वर्षी चालू राहील.

मघा-पूर्वात सुगरण. नदीपलीकडं उसाच्या फडाला लागून एका विहिरीवर बाभूळ वाकलेली आहे, तिथं घरटी लटकतात. ठरावीक अंतरावर बसून फक्त बघायचं, हा नियम. नर उसाच्या पानाच्या कडेला चोच मारून चीर पाडतो आणि चोचीत धरून उडतो, की लांब पट्टी सोलून निघते. घरटं टोपासारखं अर्धं झालं की तो थांबतो आणि पंख फडफडवत मादीला बोलावतो. तिला पसंत पडलं तरच पुढं नळी विणायची, नाहीतर ते तसंच सोडून नवीन सुरू. "मग ती अर्धी घरटी वाया?" यावर पोरांत बराच वेळ वाद झाला. मी मधे पडले नाही. पुढच्या खेपेला सगळ्यांनी पूर्ण आणि अर्धी घरटी वेगवेगळी मोजली. वाद मिटला नाही, पण नोंद पक्की झाली.

कुंडीतल्या लिंबावरच्या अळ्यांचं पान दोन नक्षत्रांत पसरलंय. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचली की डोक्यामागून नारिंगी दुशिंगी काढून उग्र वास सोडते. आम्ही बरणी वापरत नाही, अख्ख्या फांदीवर मच्छरदाणीचं कापड बांधतो. एका कोषातून फुलपाखरू न येता इवल्या परजीवी गांधीलमाश्या बाहेर पडल्या. काही मुलं हिरमुसली, एकीला रडू आलं. पण ते पान फाडायचं नाही असं त्यांनीच ठरवलं.

उत्तरात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जाऊन आलो. सोनकी आणि तेरडा सगळ्यांना येता क्षणी दिसले, सीतेची आसवं शोधावी लागली. जांभ्या दगडावरच्या पातळ मातीत नत्र कमी असतं, म्हणून ही इवली जांभळी वनस्पती ओल्या मातीत बारीक पिशव्या ठेवून सूक्ष्म जीव पकडते. पिशव्या बघायला उपटायचं नाही. भिंगातून फूल बघितलं, चित्र काढलं, पुरे.

हस्तात गल्लीतल्याच तेरड्याची बोंडं पिकली. गौरीला याच तेरड्याची रोपं घरोघर आणली होती, त्यामुळं ओळख जुनी. पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की पाच पट्ट्या आत वळतात आणि बिया उडतात. खाली चादर पसरून टेपानं अंतर मोजलं. मीटरभर सहज, काही त्याच्याही पुढं. कुठल्या बोंडाची बी लांब जाते, हे हाताला लागणाऱ्या फुगीरपणावरून पोरांना आता आधीच सांगता येतं. कळलावीला मात्र हात लावू देत नाही. ती गौरीच्या सजावटीत असली तरी कंदापासून बीपर्यंत विषारी आहे, हे पानाच्या डोक्यावर लाल अक्षरांत आहे.

चित्रा-स्वातीपासून रंकाळा तलावावरच्या पक्ष्यांचं पान उघडतंय. टिबुकली, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, आणि थंडीत येणारे पाहुणे. बाटली तोवर गच्चीवरच आहे, परतीच्या पावसासाठी.

गगनबावडा, शाहूवाडी किंवा शिरोळच्या बाजूला कुणी पुढच्या मृगाला मुलांबरोबर बाटली लावणार असेल, तर सकाळी साडेआठची वेळ आणि शून्याची रेष तेवढी सारखी ठेवा. आमच्या आलेखावर तुमची रेघ काढायला जागा सोडलेली आहे.