आमची वाटचाल: मीटर दुरुस्तीपासून टाकीच्या तोंडापर्यंत

आमची फर्म सुरू झाली तेव्हा ट्रेनिंगचा विचारही नव्हता. मी इन्स्ट्रुमेंटवाली, धाकटा भाऊ मेंटेनन्समधला, दोघांनी मिळून गॅस डिटेक्टरची, म्हणजे हवेतला ऑक्सिजन आणि घातक गॅस मोजणाऱ्या मीटरची, दुरुस्ती आणि कॅलिब्रेशनचं काम चालू केलं. कंपन्या मीटर पाठवायच्या, आम्ही सेन्सर बदलायचो, कॅलिब्रेशन गॅस सोडून रीडिंग बरोबर येतंय का बघायचो, स्टिकर लावून परत पाठवायचो. ऑक्सिजनचा सेन्सर साधारण दोन-तीन वर्षांत संपतो, ज्वलनशील गॅसचा सेन्सर सिलिकॉन स्प्रेच्या वाफेने खराब होतो, त्यामुळे कामाला तोटा नव्हता.

पण मीटर उघडला की तो कसा वापरला जातोय तेही कळतं. मेमरीत सगळी नोंद असते, कधी चालू केला, किती वेळ चालला, काय काय रीडिंग आलं. आणि काही मीटरमध्ये महिनोन्‌महिने एकच दिसायचं, सकाळी चालू, दोन मिनिटं 20.9 टक्के ऑक्सिजन, बाकी सगळं शून्य, बंद. म्हणजे बंद टाकीत माणूस उतरवण्याआधी आतली हवा तपासायची, ती न तपासता मीटर मोकळ्या हवेत चालू करायचा, परमिटवर (आत जायच्या परवानगीच्या कागदावर) आकडा टाकायचा आणि माणूस आत सोडायचा. टाकीत नळी सोडलीच नाही. मला हे फार लागलं, कारण त्या मीटरवर आमचं स्टिकर होतं आणि आत जाणारा माणूस त्या स्टिकरवर विश्वास ठेवून उतरत होता.

मग मी फोन करून सांगायला लागले, पण फोनवर हे समजत नाही हो, म्हणून साइटवर जाऊन दाखवायला सुरुवात केली. आमचं ट्रेनिंग तिथूनच सुरू झालं. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील गॅस, मग विषारी गॅस, हा क्रम का, तर ज्वलनशील गॅसच्या नेहमीच्या सेन्सरला आत गॅस जाळायला ऑक्सिजन लागतो, ऑक्सिजनच कमी असेल तर तो रीडिंग कमी दाखवतो आणि आपण निर्धास्त होतो. मिथेन हवेपेक्षा हलका, वर जमतो. हायड्रोजन सल्फाइड जड, तळाला बसतो. कार्बन मोनॉक्साइडचं वजन जवळपास हवेइतकंच, तो कुठेही सापडेल. म्हणून वर, मध्ये, खाली तिन्हीकडे बघायचं, खोल जागा असेल तर साधारण दर 4 फुटांवर, आणि प्रत्येक ठिकाणी थांबायचं कारण नळीतून हवा मीटरपर्यंत यायला वेळ लागतो. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली किंवा 23.5 च्या वर, ज्वलनशील गॅस त्याच्या खालच्या स्फोटमर्यादेच्या (हवेतल्या ज्या प्रमाणापासून तो पेट घेऊ शकतो त्याच्या) 10 टक्क्यांवर गेला, की आत जायचं नाही. एवढंच आधी शिकवायचो.

यात सगळ्यात अवघड काय होतं सांगू का, तर लोकांचा नाकावरचा विश्वास. "वास आला असता ना मॅडम" हे मी असंख्य वेळा ऐकलंय. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो हे खरं, पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास काही मिनिटांतच नाक तो वास ओळखणं बंद करतं, आणि माणसाला वाटतं की गॅस गेला. नायट्रोजनला तर वासच नाही. आणि गंजणारी लोखंडी टाकी बरेच दिवस बंद ठेवली तर तो गंजच आतला ऑक्सिजन खाऊन टाकतो, बाहेरून गॅस यायचीही गरज नाही. हे बोलून पटत नव्हतं म्हणून भावाने काचेची एक पेटी बनवली, त्यात मेणबत्ती आणि मीटर ठेवायचा आणि हळूहळू नायट्रोजन सोडायचा. काही दिसत नाही, काही हुंगता येत नाही, मेणबत्ती विझते आणि मीटर ओरडायला लागतो. त्या पेटीने माझ्या सगळ्या स्लाइड्सपेक्षा जास्त काम केलंय, आजही प्रत्येक बॅचची सुरुवात तिनेच होते.

पुढे अपघातांचे रिपोर्ट वाचायला लागले आणि आमच्या कामाची दिशा बदलली. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने 1986 मध्येच इशारा देऊन ठेवला होता की कन्फाइंड स्पेसमध्ये, म्हणजे टाकीसारख्या अरुंद बंदिस्त जागेत, मरणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. म्हणजे पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा, आणि ही सगळी चांगली माणसं असतात, मित्राला हाक मारून तो उत्तर देत नाही हे ज्यांना बघवत नाही अशी. आणि आपण सगळं ट्रेनिंग कुणाला देत होतो, तर आत जाणाऱ्याला! टाकीच्या तोंडाशी जो उभा असतो, अटेंडंट, त्याला कुणी काहीच शिकवत नव्हतं. बहुतेक ठिकाणी तिथे सगळ्यात नवा हेल्पर उभा करतात, मध्येच पाना आणायलाही पिटाळतात. माझं आजही ठाम मत आहे की त्या जागेवर सगळ्यात शांत डोक्याचा माणूस हवा आणि आतली सगळी माणसं बाहेर येईपर्यंत त्याने तिथून हलायचं नाही.

तेव्हा आम्ही भंगारातून दोन टाक्या घेतल्या, एक उभी, एक आडवी, नीट साफ करून घेतल्या, मॅनहोल तेवढंच अरुंद ठेवलं आणि मागच्या बाजूला कापून एक दार बसवलं, म्हणजे सरावात कुणी घाबरलं तर लगेच बाहेर काढता येतं. आतली हवा कायम चांगलीच ठेवतो, सरावासाठी कुणाला खराब हवेत घालायचं नाही हा आमचा पक्का नियम. अंधार, आवाज, अरुंदपणा हे मात्र सगळं खरं. आमचा एक ट्रेनर आत जातो, बाहेरच्या अटेंडंटशी गप्पा मारत काम करतो आणि मध्येच गप्प होतो. बस. पहिल्या वेळी जवळजवळ सगळे मॅनहोलमध्ये डोकं घालतात, निम्मे तर पाय टाकायच्या बेतात असतात, त्यांना माहीत असतं हा सराव आहे तरीसुद्धा! मग परत करायचं, परत करायचं, हात आपोआप आधी अलार्मकडे आणि मग विंचकडे (दोर गुंडाळून ओढायच्या यंत्राकडे) जाईपर्यंत. आरडाओरडा करून मदत बोलव, ब्लोअर (आत ताजी हवा ढकलणारा पंखा) चालू आहे का बघ, बाहेरूनच ओढ, आत जाऊ नको. ऐकायला एवढंच आहे पण अंगात मुरायला वेळ लागतो.

ओढायचं म्हणजे आधी अंगावर हार्नेस (पट्ट्यांचा सेफ्टी बेल्ट) आणि त्याला लाइन, म्हणजे दोर, हवी, हे डमी उचलायला लावलं की लगेच कळतं. 80 किलोची डमी हाताने मॅनहोलमधून वर घ्यायला लावली की दोन दणकट माणसं दमतात, तीच डमी ट्रायपॉड (मॅनहोलवर उभी करायची तिपाई) आणि विंच लावून एकटा माणूस वर घेतो. फायर ब्रिगेडला फोन करायचाच, पण ऑक्सिजन न मिळता मेंदू चार-पाच मिनिटांत कायमचा खराब व्हायला लागतो, तेवढ्यात बाहेरून कुणी पोचून, तयारी करून आत उतरणं बहुतेक वेळा शक्यच नसतं. म्हणून ट्रायपॉड स्टोअरमध्ये असून उपयोग नाही, तो मॅनहोलवर उभा करून लाइन जोडल्याशिवाय पहिला माणूस उतरताच कामा नये.

ब्लोअरवरही आम्ही बराच वेळ देतो. डक्ट (हवेची जाड नळी) वरच्या वर सोडली तर हवा वरूनच फिरून बाहेर येते आणि तळ तसाच राहतो. ब्लोअरजवळ गाडी किंवा जनरेटर चालू असेल तर त्याचा धूर आपणच आत भरतो. आणि गुदमरतंय म्हणून सिलेंडरचा ऑक्सिजन आत सोडायचा नाही, कधीच नाही, एका ठिणगीने कपडे पेटतात.

धंद्याचं म्हणाल तर मधली काही वर्षं ओढाताणीची गेली. फक्त सर्टिफिकेट द्या, माणसं पाठवायला वेळ नाही, अशी मागणी सतत यायची, एका मोठ्या ग्राहकाने तर त्यावरूनच दुरुस्तीचं कामही काढून घेतलं. आम्ही दिलं नाही, देणारही नाही. टाकीतल्या सरावात जो पास होत नाही त्याला आमचा कागद मिळत नाही, मग तो मॅनेजर असो. दुसरी अडचण लिहिण्या-वाचण्याची होती, खूप चांगले कामगार लेखी परीक्षेत अडकायचे, म्हणून परीक्षाच हातावर आणली, मीटर दिला, टाकी दिली, करून दाखव. यात कित्येकदा हेल्पर पुढे आणि सुपरवायझर मागे असं होतं, आणि सुपरवायझर नंतर बाजूला येऊन परत शिकवा म्हणतात, ते मला मनापासून आवडतं.

आज दुरुस्तीचं काम भाऊ बघतो, ट्रेनिंग माझ्याकडे, आणि मोठ्या शटडाउनला (देखभालीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा) आमची स्टँडबाय टीम, म्हणजे वाचवायला तयार टीम, मॅनहोलवर उभी असते. अमेरिकेच्या 1993 च्या कन्फाइंड स्पेस नियमात रेस्क्यू टीमने 12 महिन्यांत निदान एकदा खऱ्यासारखा सराव करायचा असं आहे, आम्ही ग्राहकांना सहा महिन्यांचा आग्रह धरतो कारण ठेकेदाराची माणसं तोपर्यंत बदललेली असतात. काही कंपन्या आता मीटर कॅलिब्रेशनला पाठवताना मेमरीचा रिपोर्ट पण काढून द्या म्हणतात, तो आम्ही त्यांच्या परमिटच्या तारखांशी लावून देतो, वेगळे पैसे न घेता. सध्या भाऊ आडव्या टाकीत आडवे पत्रे बसवतोय, म्हणजे सरळ दोर ओढून माणूस येणार नाही, कोपऱ्यावरून वळवून काढावा लागेल. ते झालं की जुन्या बॅचेसना परत बोलवायचंय.