हरेगावची वाट आणि पाण्याची पाळी

राहुरीत मुळेचा पूल ओलांडला आणि माझी उजवी टाच बोलायला लागली. रस्त्याच्या कडेला बसलो, तर आमच्यासोबत चालणाऱ्या मावशी हजर. त्यांनी पिशवीतून सुई काढली, काडी ओढून टोक तापवलं, दोरा ओवून फोडातून आरपार काढला आणि तो आतच ठेवून दोन्हीकडं कातरला. "पाणी दोऱ्यानं झिरपून जाईल. कातडं ओढू नको." लगेच पुढच्याचा पाय मांडीवर. पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. पण ते पाय घरून साबणानं धुऊन आलेले असतात, हे सगळ्यांना माहीत असतं.

नगरहून हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला आम्ही वीसेक जण पायी निघालो होतो. 8 सप्टेंबर हा पवित्र मारियेचा जन्मदिवस, यात्रा त्याच्या आसपासच्या शनिवार-रविवारी. आमच्या या चालण्याला काही जण दिंडी म्हणतात, काहींना तो शब्द खटकतो. मला नाही खटकत.

राहुरी फॅक्टरीवरून बेलापूरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस. पाटाला पाणी आलेलं पाहून मावशींनी सहज विचारलं, "तुमच्या विहिरीला कसंय पाणी?"

झालं. मी सुरू झालो. आमचं गाव नगरच्या कोरड्या बाजूचं. विहीर एक, भाऊ दोन, मोटारीची चार-चार दिवसांची पाळी. मी नोकरीला नगरात, माझा तुकडा वाट्यानं दिलेला. माझ्या पाळीत थोरला भाऊ मोटार चालू ठेवतो, यावरून तीन वर्षांपूर्वी बिनसलं. तेव्हापासून बोलणं बंद. तारखांसकट सगळं सांगितलं.

मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाखर फादरांनी अख्खी गावं एका पाण्यावर आणली की रे."

हर्मन बाखर स्वित्झर्लंडचे, जेझुइट संघाचे धर्मगुरू, आयुष्याची कितीतरी वर्षं आमच्या जिल्ह्यात काढली. त्यांनी डोंगरउतारावर चर खणून पाणी जिरवायची कामं उभी केली आणि 1993 साली त्यासाठी क्रिस्पिनो लोबोंच्या साथीनं 'वॉटर' (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था काढली. अशा कामात खरी अडचण खडकाची नसते. वरच्या अंगाच्या माणसानं खालच्यासाठी आपल्या रानात चर का पाडू द्यावा, ही असते.

"बायबलात मत्तय पाचमध्ये काय लिहिलंय?" मावशी.

मला पाठ होतं. दान वेदीजवळ आणलंस आणि भावाची आठवण झाली, तर दान तिथंच ठेव, आधी समेट कर. मी म्हणालो, "पण चूक त्याची आहे ना."

"नीट वाच. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं नाहीये ते. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर."

पुढं अर्धा तास माळेचा एक मणी सरकला नाही. भावाच्या मनात काय असेल ते मला चांगलं ठाऊक होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा दीड वर्ष तिचं हगणं-मुतणं त्यानं आणि वहिनीनं काढलं. मी रविवारी मिस्सा झाली की सफरचंदं घेऊन जायचो आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. रात्री थ्री फेज आली की अंधारात विहिरीवर जायचा तो, आणि पाळीचा हिशोब मागायचो मी. पिशवीतली मेणबत्तीही आईच्याच नावाची होती. पिशवी खांद्यावरून काढून हातात घेतली.

बेलापुरात प्रवरेच्या पुलावर थांबलो. बाकीचे चहाला गेले. फोन लावला. नाव दिसत असणार, तरी त्यानं "कोण?" विचारलं.

"मी. पायी हरेगावला चाललोय. म्हटलं, माझ्या पाळीचे चार दिवसही तूच घे. मोटार लाव."

बराच वेळ नुसता घों घों आवाज. वारा की पाऊस, कळेना.

"इकडं सकाळपासून धो धो चालूय," तो म्हणाला. "मोटार कशाला लावू?"

मला काही सुचेना.

"आईची मेणबत्ती घेतली का?"

"घेतली."

"दोन घे. पैसे देतो."