खाडीला वळसा घालताना: सायकलचा मार्ग आखण्याचा माझा अनुभव

पाण्याकडेचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, असं पुष्कळांना वाटतं. नकाशात निळ्या रंगाला चिकटून जाणारी रेघ दिसते आणि समुद्रसपाटी म्हणजे शून्य उंची, मग चढ येणार कुठून? मला एका खाडीला पूर्ण वळसा घालणारा, शंभर किलोमीटरच्या आसपासचा रोड बाइकचा, म्हणजे पक्क्या रस्त्यावरच्या वेगवान सायकलचा मार्ग तयार करायचा होता. एका काठाने समुद्रापर्यंत जायचं, मुखाजवळच्या पुलावरून पलीकडे उतरायचं आणि दुसऱ्या काठाने परत यायचं. तो आखून, तपासून, शेवटी सलग चालवेपर्यंत काय काय करावं लागलं ते लिहिते आहे. तयार मार्गाची जीपीएक्स फाइल, म्हणजे नकाशाच्या ॲपमध्ये उघडणारी मार्गाची नोंद, कुणाकडूनही मिळते. पण पाण्याकडेच्या रस्त्याचा स्वभाव कळला नसेल तर त्या फाइलचा फारसा उपयोग होत नाही.

सुरुवात चढांपासून केली. किनाऱ्याचा रस्ता ओढ्याच्या तोंडाशी उतरतो, छोटा पूल ओलांडतो, पुढच्या टेकाडावर चढतो आणि लगेच पुन्हा उतरतो. ६० मीटरची दहा टेकाडं ओलांडली की ६०० मीटर चढाई होते, आणि मार्गातला सर्वांत उंच बिंदू मात्र ६० मीटरच राहतो. म्हणून मी कमाल उंची बघतच नाही, एकूण चढाई आणि प्रत्येक चढाची टक्केवारी बघते. त्यातही ॲपमधल्या आलेखावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. अनेक नकाशांमागची उंचीची माहिती फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानातून झालेल्या रडार मोजणीतून आली आहे आणि तिच्यात जमिनीचे साधारण ३० मीटरचे चौकोन धरलेले आहेत. कड्याला बिलगून जाणाऱ्या रस्त्याला अशा चौकोनात कधी कड्याच्या माथ्याची उंची लागते, कधी खालच्या पाण्याची. मग आलेखात करवतीसारखे दाते दिसतात, प्रत्यक्षात तिथे हलका चढ असतो. पुलाच्या जागी आलेख थेट पाण्यात बुडी मारतो. असे दाते मी खूण करून ठेवले आणि रस्त्यावर जाऊन पाहिले. त्यातले बरेचसे खोटे निघाले.

खरा विचार करायला लावला तो वाऱ्याने. २५ किलोमीटरच्या वेगाने ६० किलोमीटर जायला २ तास २४ मिनिटं लागतात. तेच अंतर ३० जाणं आणि ३० येणं असं विभागलं, जाताना समोरून वारा म्हणून २० चा वेग आणि येताना पाठीमागून वारा म्हणून ३० चा वेग, असं धरलं तर दीड तास आणि एक तास, म्हणजे अडीच तास होतात. समोरचा वारा जेवढं हिरावून घेतो तेवढं पाठचा वारा परत देत नाही, कारण मंद वेगात आपण जास्त वेळ अडकलेलो असतो. शिवाय हवेचा विरोध हवेच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे समोरच्या वाऱ्यात वेग टिकवायला गेलं की पाय लवकर संपतात.

पण पाण्याजवळचा वारा लहरी नसतो. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्राकडून हवा येते. हे खारे वारे सकाळी उशिरा सुरू होतात आणि दुपारी जोरात असतात. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, पहाटेपर्यंत. शाळेत सगळ्यांनीच हे शिकलेलं असतं. मार्ग आखताना त्याचा अर्थ असा झाला की सुरुवात समुद्राजवळून करायचीच नाही. मी सुरुवातीची जागा खाडीच्या आतल्या टोकाला हलवली. पहाटे निघालं की मतलई वारा पाठीशी, समुद्राकडे जायचं. दुपारी परतताना खारा वारा पाठीशी, आत यायचं. आकाश निरभ्र असेल आणि मोठी वादळी हवा नसेल तर हे गणित छान जमतं. मोठ्या हवामान प्रणालीचा वारा सुटला की हे स्थानिक वारे तिच्यापुढे दबतात, म्हणून आदल्या संध्याकाळी अंदाज पाहणं चुकवत नाही. या खाडीच्या पश्चिमेला समुद्र आहे, त्यामुळे जाताना आणि येताना सूर्यही पाठीशीच राहतो. हे फक्त डोळ्यांच्या आरामासाठी नाही. खाली आलेला सूर्य समोर असला की आपल्या मागून येणाऱ्या ड्रायव्हरचेही डोळे दिपतात आणि त्याला सायकलस्वार दिसत नाही. ही गोष्ट मला सगळ्यात धोक्याची वाटते.

मग दिशा. वाहतूक डावीकडून चालत असेल तर पाण्याला घड्याळाच्या उलट्या दिशेने वळसा घालावा, म्हणजे पाणी सतत डाव्या हाताला राहतं. त्या बाजूने फाटे कमी फुटतात, थांबायचं तर रस्ता ओलांडावा लागत नाही आणि मध्ये गाड्यांची रांग नसल्याने पाणी मोकळं दिसतं. जपानमध्ये बिवा सरोवराभोवती साधारण २०० किलोमीटरची फेरी मारतात, तिथेही याच कारणाने घड्याळाच्या उलट्या दिशेने जायला सांगतात. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशात अर्थातच हे उलटं करायचं.

मार्ग सलग चालवण्याआधी मी तुकड्यातुकड्याने बघून घेतला. उताराच्या वळणांवर वाऱ्याने आणलेली वाळू साचते, कोरडी असली तरी पुढचं चाक निसटतं. पुलांवरचे जोड काटकोनात ओलांडावे लागतात, रस्त्याच्या रेषेत फट असेल तर २५ मिलिमीटरचा टायर तिच्यात बसू शकतो. मी ३२ चे टायर घातले आणि हवा थोडी कमी ठेवली, खडबडीत जागी त्याचा फार उपयोग झाला. पाण्याला अगदी लागून असलेला फिरायचा कट्टा मार्गातून काढून टाकला. तो चालणाऱ्यांचा, मुलांचा, म्हाताऱ्यांचा आहे, तिथे रोड बाइकच्या वेगाने जाणं मला पटत नाही.

एका ठिकाणी रस्ता सखल बांधावरून जातो. तिथे भरतीचं कोष्टक पाहावंच लागलं. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे भरतीची वेळ रोज अंदाजे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतं आणि पाणी बांधावर चढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती असते, तेव्हा तो तुकडा निर्धास्त जातो. मी सलग फेरीसाठी असाच दिवस निवडला. डांबरावर खारं पाणी वितभर जरी असलं तरी खालचा खड्डा दिसत नाही, म्हणून तिथून सायकल काढणं मला मान्य नाही.

फेरीच्या दिवशी सगळ्यात कठीण वाटला तो मुखाजवळचा मोठा पूल. तिथे वारा आडवा येतो आणि खांबांच्या आडून बाहेर पडताच धक्का बसतो. यासाठी पाण्याकडेच बघायचं. १८०५ साली फ्रान्सिस बोफर्ट यांनी वाऱ्याच्या जोराची जी श्रेणी मांडली ती समुद्राच्या रूपावरूनही ओळखता येते. अधूनमधून एखाद्या लाटेचा माथा पांढरा दिसला तर श्रेणी ३, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर. बऱ्याच लाटांवर पांढरा फेस असेल तर ४, म्हणजे २० ते २८. जिकडेतिकडे फेसच फेस दिसू लागला की ५, ताशी २९ ते ३८. पाचवर पूल ओलांडायचा नाही, आल्या काठाने परत फिरायचं, हे मी आधीच ठरवून फाइलमध्ये तसा पर्यायी मार्गही टाकला होता. त्या दिवशी पाणी तीन आणि चारच्या मध्ये होतं. हात हँडलच्या खालच्या पट्टीवर, कोपर सैल, कठड्यापासून थोडं अंतर राखून मी ओलांडला. उंच रिमची चाकं मुद्दाम घरी ठेवली होती, आडवा वारा त्यांना ढकलतो.

पुलापलीकडची टेकाडं थकवणारी होती, पण शेवटचं टेकाड उतरून खाडीचा दुसरा काठ धरला आणि खारा वारा पाठीला लागला. त्या काठावर मी फारसं बळ न लावता पळत होते. हा मार्ग मला जिवापाड आवडतो तो या टप्प्यासाठी.

परत आल्यावर सायकल तशीच उभी करत नाही. गोड्या पाण्याची हलकी धार, पाण्याचा जोर बेअरिंगवर न मारता, मग फडक्याने पुसणं, साखळी पूर्ण वाळू देणं आणि नंतरच तेल. ॲल्युमिनियमच्या फ्रेममधले स्टीलचे बोल्ट मीठ आणि ओल मिळाली की धातूंच्या परस्पर क्रियेने जाम होतात, म्हणून सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) आणि बोल्टांना ग्रीस लावून ठेवते. फाइल कुणी मागितली की मी सोबत चार गोष्टी लिहून देते: सुरुवात कुठून, किती वाजता, कुठली तिथी टाळायची आणि पुलाआधी परत फिरायची जागा कोणती.